सतरा नंबरचा फॉर्म

वेणी कापणं मला वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही. आईची शिलाईची कात्री कापडावर सरसर चालायची, पण माझ्या वेणीवर ती नुसती घसरत होती. शेवटी मी वेणी डाव्या मुठीत आवळून धरली आणि मानेपाशी थोडे थोडे केस पकडून कातरत गेले. पाचेक मिनिटं लागली असतील. ती सुटून हातात आली तेव्हा मला पहिल्यांदा तिचं वजन कळलं. डोकं एकदम हलकं झालं.

आई मागच्या दारातून रिकामी बादली घेऊन आत आली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग वेणीकडे. बादली खाली ठेवली. मी ओरडा ऐकायच्या तयारीत उभी होते. किंबहुना मला तो हवाच होता.

"काल दिलेली समीकरणं सोडवलीस?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग बस आणि सोडव."

तिनं वेणी जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पेटीत ठेवली. मग खुंटीवरची माझी ओढणी आणली, माझ्या डोक्यावरून घेतली आणि हनुवटीखाली दोन पिना लावल्या.

तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. साल अठ्ठ्याण्णव, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. आम्ही श्रीरामपूरच्या बाजूला, एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. पप्पा कारखान्यात वायरमन होते. आडनाव भिंगारदिवे, म्हणजे आम्ही नगरकडचे जुने ख्रिस्ती. पण मी आठ वर्षांची असताना पप्पांनी आजोबांपासूनचं चर्च सोडलं आणि पंधरा-सोळा घरांच्या एका लहान मंडळीत ते जायला लागले. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये तिची सभा भरायची. तिथले नियम कडक होते. बायकांनी दागिना घालायचा नाही, फूल माळायचं नाही, भडक रंग नेसायचा नाही, ब्लाउजच्या बाह्या कोपराखाली हव्यात, डोकं कायम झाकलेलं हवं. आणि केसांना कात्री लावायची नाही. स्त्रीचे केस म्हणजे देवानं तिला दिलेला मान, असं आम्हाला शिकवलं होतं. सभेत बायकांनी बोलायचंही नाही, फक्त गीतं म्हणायची.

मुलींना बाहेरच्या शाळेत पाठवायचं नाही, हा त्यातलाच एक नियम.

मला तो लागू झाला चौथीत जायच्या वेळी. जूनमध्ये नवीन वह्या-पुस्तकं यायची वाट बघत होते, तर आई म्हणाली, "उद्यापासून शाळा नाही. मी घरी शिकवीन." हे तिनं सांगितलं होतं, पप्पांनी नव्हे. पप्पा तेव्हा तिथेच बसून बुटांना पॉलिश करत होते आणि त्यांनी मान वर केली नाही. आई स्वतः वसाहतीतल्या प्राथमिक शाळेत बाई होती. पोपटी, गुलाबी साड्या नेसायची, केस खांद्यापर्यंत कापलेले, कानात लोंबते डूल. शाळेतली पोरं तिला 'डुलवाल्या बाई' म्हणायची आणि मला त्याचा गर्व वाटायचा. त्याच जूनमध्ये तिनं नोकरी सोडली, डूल काढले, साड्या कुणाकुणाला देऊन टाकल्या आणि फिक्या रंगाच्या दोन-चार आणल्या. तिचे केस कमरेपर्यंत वाढायला पाच वर्षं गेली. मला वाटलं, आईला मंडळीचं वेड लागलं आणि त्या वेडात तिनं माझी शाळा हिसकावली.

हे मी तिला तोंडावर म्हणायचेही. ती उत्तर द्यायची नाही. फळ्यावर पुढचं गणित लिहायची.

मी केस का कापले, तर कारण सांगण्यासारखं मोठं नाही. आदल्या बुधवारच्या बाजारात मला शाळेतली जुनी मैत्रीण भेटली होती, शैला आहेर. ती दहावीत होती, केस खांद्यावर मोकळे सोडलेले. तिनं मला ओळखलं नाही. मी नाव सांगितल्यावर तिनं माझ्या ओढणीकडे बघत हळूच विचारलं, "ताबीथा, तुला डोक्याला काही झालंय का गं? म्हणजे आजार वगैरे?" मी नाही म्हणाले, आणि घरी आल्यावर तीन दिवस तेच डोक्यात फिरत राहिलं.

शनिवारी मी कात्री घेतली.

लपवायचं म्हटलं तर ते महिनोन् महिने लपलं असतं. ओढणी कायम डोक्यावरच असायची. पण रविवारी सभेनंतर हॉलच्या दारात वारा होता. पिना लावूनही माझी ओढणी मागे सरकली आणि ती सारखी करायला सिस्टर विमल पुढे झाल्या. सिस्टर विमल म्हणजे मंडळीचे प्रमुख, ब्रदर शिरसाट, यांची बायको. मायाळू बाई होत्या. त्यांचा हात माझ्या मानेवर आला आणि तिथेच थांबला. त्यांनी ओढणी घट्ट ओढून दिली. पण त्यांचा चेहरा पार उतरला होता.

त्याच दुपारी चार वाजता ब्रदर शिरसाट आणि सिस्टर विमल आमच्या घरी आले. आईनं पाणी दिलं, चहा ठेवला. पप्पा खुर्चीच्या कडेवर बसले. मी भिंतीला टेकून उभी होते.

टेबलावर माझा फॉर्म पडला होता. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागे. आईनं तो तालुक्याच्या हायस्कुलातून आणला होता, तिच्या वळणदार अक्षरात सगळा भरला होता. पालकाच्या सहीची जागा तेवढी कोरी होती. मुदत मंगळवारपर्यंत होती.

ब्रदर शिरसाट कधी आवाज चढवत नसत. रिटायर्ड पोस्टमास्तर, पांढरा शर्ट, हातात काळी छत्री. ते मला म्हणाले, "बेटा, ओढणी काढ."

मी पप्पांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मी पिना काढल्या.

केस कुठे आखूड कुठे लांब, कसेही कापलेले. आरशात पाहायची मला हिंमत झाली नव्हती, पण त्यांच्या नजरेतून मी कशी दिसते ते कळलं.

"ब्रदर रत्नाकर," ते पप्पांना म्हणाले, "मी रागावलेलो नाही. या वयात मन भरकटतं. पण ज्या मुलीचं मन असं बंड करतंय, तिला परीक्षा, मार्कं, कॉलेज या वाटेला लावायचं का, याचा विचार करा. यंदाचं वर्ष जाऊ दे. फॉर्मचं राहू दे. वर्षभर तिला सिस्टर विमलजवळ बसू दे, शिवणकाम शिकू दे. मन शांत झालं की पुढचं पाहू."

पप्पांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, ते मला कळलं नाही. पण एवढं कळलं, की एक वर्ष गेलं की दुसरं जाणार आणि मग मुलगा बघायला सुरुवात होणार. शिरसाटांची थोरली मुलगी सतराव्या वर्षी लग्न होऊन जालन्याला गेली होती. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते आता आठवत नाही. बहुतेक माफी मागणार होते.

तेवढ्यात आई म्हणाली, "तिनं नाही कापले. मी कापले."

चहाची किटली तिच्या हातात होती. तिनं ती नीट टेबलावर ठेवली, फॉर्मपासून लांब.

"तुम्ही?" सिस्टर विमल म्हणाल्या.

"तिची वेणी घालण्यात रोज अर्धा तास जायचा. न्हायच्या दिवशी तर सकाळ जायची. मार्चात परीक्षा. मला तिचे मार्क हवे होते. मी कात्री घेतली आणि कापले. ती नको म्हणत होती."

ब्रदर शिरसाट तिच्याकडे बघत राहिले. "सिस्टर सुवार्ता, नियम तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मार्कांसाठी?"

"हो. मार्कांसाठी."

मी पप्पांकडे पाहिलं. शनिवारी ते घरी आले तेव्हा मी ओढणी घेऊन गणितं सोडवत बसले होते. पण आईनं त्यांना तेव्हाच सगळं सांगितलं असणार, हे मला त्यांच्या कानांवरून कळलं. पप्पा अवघडले की त्यांचे कान लाल होत.

ब्रदर शिरसाटांनी शेवटी दीर्घ श्वास घेतला. "मग दोष मुलीचा नाही. शिस्त मुलीला लावणं अन्याय होईल." ते उठले. "सिस्टर, तुम्ही मेजापासून दूर राहा. मनापासून पश्चात्ताप झाला की ब्रदर रत्नाकर तुमच्या वतीनं सभेत सांगतील."

मेज म्हणजे प्रभूचा मेज. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून दर रविवारी आमच्या सभेत भाकर मोडत. एक ताट आणि एक प्याला हातोहात सगळ्या बाकांवरून फिरे. ज्याला मेजापासून दूर ठेवलं, त्यानं मागच्या बाकावर बसायचं. ताट त्याच्या पुढच्या बाकापर्यंत यायचं आणि परत जायचं.

ते दोघे गेल्यावर पप्पांनी खिशातलं पेन काढून फॉर्मवर सही केली. आईनं शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

मी म्हणाले, "आई, मी..."

"हा विषय पुन्हा काढायचा नाही," ती म्हणाली. "उद्यापासून पहाटे पाचला उठायचं. तुझी भूमिती कच्ची आहे."

पुढच्या रविवारपासून आई शेवटच्या बाकावर बसायला लागली. मी तिच्या शेजारी. माझा बाप्तिस्मा झालेला नव्हता, त्यामुळे ताट माझ्यासाठी नव्हतंच. पण तिच्यासाठी होतं. पाच वर्षं मी तिला ते घेताना पाहिलं होतं. भाकरीचा तुकडा उचलायच्या आधी ती डोळे मिटायची आणि तिचा चेहरा असा व्हायचा, जसा उन्हातून घरात आलेल्या माणसाचा होतो. आता ताट पुढच्या बाकावरून परत वळलं की ती आपल्या हातांकडे बघत बसायची.

सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, नाताळ गेला. पप्पा तिला म्हणत, "एकदा हो म्हण ना. मी सांगतो सभेत, की तुला वाईट वाटतंय. दोन वाक्यांचं काम आहे."

"ज्याचं वाईट वाटत नाही त्याचा पश्चात्ताप कसा करू?"

"घरात चार माणसांपुढे खोटं बोललीसच ना."

"ते माणसांपुढे होतं. तिथे मेजापुढे नाही बोलणार."

हे मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं. तेव्हा मला तो तिचा हट्ट वाटला. एकदा उवांचं निमित्त सांगितलं असतंस तर शिस्तही लागली नसती, असंही पप्पा म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "एकच खोटं बोलायचं होतं. उवांचं दुसरं झालं असतं. मार्क मला खरंच हवे होते."

मार्चमध्ये परीक्षा झाली. केंद्र तालुक्याला होतं. रोज पप्पा सुट्टी टाकून मला एसटीनं घेऊन जायचे आणि पेपर सुटेपर्यंत शाळेच्या कुंपणाबाहेर उन्हात उभे राहायचे. शेवटचा पेपर भूगोलाचा. तो देऊन मी बाहेर आले, तेव्हा ते म्हणाले, "चल, रस पिऊ."

स्टँडसमोर रसवंती होती. घुंगरांचा चरक चालू होता. आम्ही बाकड्यावर बसलो. मी आनंदात होते. म्हणाले, "पप्पा, आता मला अकरावीला नगरला जाऊ द्या. आई अडवेल, पण तुम्ही सांगा तिला."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आई अडवेल?"

"तीच तर अडवते. शाळा तिनंच बंद केली ना माझी."

ते चरकाकडे वळले. मग म्हणाले, "शाळा मी बंद केली. तुझ्या आईनं नाही."

मी तोंडाशी नेलेला ग्लास खाली आणला.

"तू तिसरी पास झाली होतीस. ब्रदर म्हणाले, मुलींना बाहेर ठेवू नका, जग बिघडलंय. मला पटलं. मी तेव्हा नवा नवा विश्वासात आलो होतो, मला सगळंच पटायचं. मी घरी येऊन सांगितलं, हिला वाचता-लिहिता येतं, पुरे झालं. घरी सुद्धा शिकवायचं नव्हतं माझ्या मनात. तुझी आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, मला तुमची मंडळी नको होती. पण मी येते. नोकरी सोडते. डूल काढते, डोकं झाकते, केस वाढवते, म्हणाल ते नेसते. फक्त हिला घरी मी शिकवणार आणि दहावीला बसवणार. हा शब्द ब्रदर शिरसाटांसमोर द्या. मी दिला. ब्रदर म्हणाले, मुलगी शिस्तीत राहिली तर आमची हरकत नाही."

चरकाची घुंगरं वाजत होती. माझ्या ग्लासातला बर्फ विरघळून गेला होता.

"म्हणजे ती कधीच विश्वासात नव्हती," मी म्हणाले. "सगळं नाटक."

"तेव्हा नव्हती," पप्पा म्हणाले. "नंतर झाली. माझ्यापेक्षा जास्त झाली. तेच तर मला बघवत नाही. सात महिने ती त्या मागच्या बाकावर बसते आणि मी पुढे भाकर खातो." त्यांचे कान लाल झाले होते. "मला सांगायचं होतं सभेत. पण सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं. परीक्षा व्हायची होती."

आता ती झाली होती, हे ते बोलले नाहीत.

पुढचा रविवार आला. गीत झालं, प्रार्थना झाली. ब्रदर शिरसाट भाकर हातात घेऊन उभे राहिले. मी उठले. आईनं माझ्या ओढणीचं टोक धरून खाली खेचलं, पण मी बसले नाही.

"माझे केस मी कापले होते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "शिलाईच्या कात्रीनं. आई घरात सुद्धा नव्हती, कपडे वाळत घालत होती. तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं."

पुरुषांच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "बायकांनी इथे बोलायचं नसतं." ब्रदर शिरसाटांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते पप्पांकडे वळले.

"ब्रदर रत्नाकर, हे खरं?"

पप्पा उभे राहिले. "खरं आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मग आई उठली. पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. त्या हॉलमध्ये तिचा आवाज मी गीतांखेरीज पहिल्यांदाच ऐकला. "मी खोटं बोलले," ती म्हणाली. "त्याची क्षमा मागते. मनापासून मागते."

एवढंच म्हणून ती बसली. ब्रदर शिरसाट डोळे मिटून उभे होते. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. भाकर मोडली आणि ताट पुढे दिलं.

ताट आधी पुरुषांत फिरलं, मग बायकांकडे आलं. एक बाक, दुसरा, तिसरा. आमच्या पुढच्या बाकाच्या टोकाला सिस्टर विमल बसल्या होत्या. ताट त्यांच्या हातात आलं आणि आता त्यांनी ते परत द्यायचं होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते मान खाली घालून उभे होते. सिस्टर विमल उठल्या, बाकाला वळसा घालून मागे आल्या आणि आईसमोर ताट धरलं.

आईनं तुकडा उचलला. नेहमीसारखे डोळे मिटायला ती विसरली. तुकडा तोंडात घातला आणि मग तिच्या लक्षात आलं, की मी अजून उभीच आहे.

"खाली बस आता," ती म्हणाली.

सभेनंतर आमच्याशी कुणी फारसं बोललं नाही. पप्पा ब्रदर शिरसाटांपाशी थांबले. मी आणि आई उसाच्या शेताकडेच्या रस्त्यानं घरी निघालो. ऊन तापलं होतं. ती भराभर चालत होती, मला तिच्याबरोबर राहायला जड जात होतं.

"राग आला?" मी विचारलं.

"मला विचारायला हवं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

थोडं पुढे गेल्यावर मी म्हणाले, "पप्पांनी मला सगळं सांगितलं. शाळेचं. तू मला एकदाही का बोलली नाहीस? जवळजवळ सात वर्षं मी तुलाच दोष देत होते."

ती चालायची थांबली नाही. "पप्पांना दिला असतास. ते तुला खरंच जड गेलं असतं, तू त्यांची लाडकी." मग जरा वेळानं म्हणाली, "आणि शिकवणार मी होते. बाईंवर चिडलेलं पोर हट्टानं का होईना, अभ्यास करतं. बापावर चिडून तू पुस्तकच टाकलं असतंस."

तिनं हात पुढे करून माझी सरकलेली ओढणी नीट करायला घेतली, मग मध्येच थांबली आणि ती तशीच खांद्यावर राहू दिली.